दोन मीटरच्या पुढचं विमान विजेवर : एका रूपांतराचा पूर्ण हिशेब

रिमोटने उडणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानात वीज परवडते का, असा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाला मोटरची किंमत दिसते, दुसऱ्याला पेट्रोलचा धूर आणि शेपटीपर्यंत उडालेलं तेल. बॅटरी किती दिवस टिकते आणि तेवढ्या दिवसांत तुम्ही प्रत्यक्षात किती वेळा उडता, याबद्दल मात्र दोन्हीकडे मौन असतं. माझ्या मते सगळा खर्च तिथंच ठरतो. म्हणून इथे सर्वसाधारण चर्चा न करता एकच प्रकरण मुळापासून मांडतो.

आधी 'मोठं' म्हणजे किती ते सांगतो. इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन या संघटनेच्या मोजमापात एकपंखी विमानाचा पंखविस्तार ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर, किंवा दुपंखी विमानाचा ६० इंच असेल, तर ते 'जायंट स्केल'. मूळ विमानाच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून मोठी हुबेहूब प्रतिकृतीही त्यात मोडते. या व्याख्येत शक्तीचा कुठेच उल्लेख नाही, हे ध्यानात असू द्या. पुढे त्याचा उपयोग आहे.

प्रकरण काय होतं

विमान एका गृहस्थांचं, २.२ मीटर पंखविस्ताराचं, कसरतीचं. बाल्सा आणि प्लायचा सांगाडा, वर फिल्म. असे तयार सांगाडे हल्ली इंजिन आणि मोटर दोन्ही बसतील अशा बेताने बनवलेले असतात. यात ५५ सीसीचं एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, २२×८ चा (व्यास २२ इंच आणि पिच, म्हणजे एका फेरीतली कागदावरची पुढची चाल, ८ इंच) प्रोपेलर होता आणि टाकी रिकामी असताना वजन ७.४ किलो भरत होतं. इंजिनाबद्दल मालकांची काही तक्रार नव्हती. अडचण मैदानाची होती. वस्ती जवळ आली, आवाजावरून कुरबुर सुरू झाली आणि क्लबने ठरावीक अंतरावरून मोजलेल्या आवाजाची मर्यादा घातली. साध्या मफलरवर हे विमान त्या मर्यादेत बसेना.

मार्ग दोन होते. इंजिन ठेवून कॅनिस्टर सायलेन्सर, म्हणजे विमानाच्या पोटात बसणारा लांबट डबा, लावायचा आणि मोठा, सावकाश फिरणारा प्रोपेलर चढवायचा, किंवा थेट विजेवर जायचं. पहिला मार्ग नक्कीच स्वस्त होता. पण या सांगाड्याच्या पोटात कॅनिस्टरसाठी बोगदा नव्हता. फॉर्मर, म्हणजे पोटातल्या आडव्या चौकटी, कापावे लागले असते आणि ते करायला हे गृहस्थ तयार नव्हते. विजेचा हिशेब करताना मी त्यांच्या सोबत होतो, म्हणून आकडे हाताशी आहेत.

शक्ती नेमकी किती हवी

इंजिनाच्या पेटीवर साडेपाच अश्वशक्ती छापलेली होती, म्हणजे सुमारे ४.१ किलोवॅट. बरेच जण हा आकडा धरून मोटर शोधू लागतात आणि किंमत पाहून नाद सोडतात. पण छापील शक्ती ही विशिष्ट फेऱ्यांवर मिळणारी कमाल शक्ती असते. विमानाला पोचते ती प्रोपेलरने ओढलेली शक्ती. ती काढण्याचा एक ढोबळ पण उपयोगी नियम आहे : व्यास फुटांत घेऊन त्याचा चौथा घात, त्याला पिच फुटांत, त्याला हजारांत मोजलेल्या फेऱ्यांचा घन, आणि शेवटी १.१ ने गुणायचं. पात्यांच्या घडणीप्रमाणे हा शेवटचा गुणक १.३ पर्यंत जातो. उत्तर वॅटमध्ये येतं.

२२×८ चा प्रोपेलर जमिनीवर मिनिटाला ७००० फेऱ्या घेत होता. नियमात आकडे घातले की उत्तर येतं सुमारे २८०० वॅट. म्हणजे पेटीवरच्या आकड्याच्या दोन तृतीयांश. एवढ्या एका दुरुस्तीने मोटरचा आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा वर्ग एक पायरी खाली येतो.

मोटरचा दुसरा फायदा असा की तिला ठरावीक फेऱ्यांचा आग्रह नसतो. मंद फेऱ्यांवर भरपूर पीळ (टॉर्क) देणारी मोटर निवडली की प्रोपेलर मोठा करता येतो. २४×१० घेऊन ५९०० फेऱ्यांवर फिरवला तर त्याच नियमाने सुमारे ३००० वॅट लागतात. पिचवरून निघणारा वेग पहिल्याचा ताशी ८५ किलोमीटर, दुसऱ्याचा ९०. म्हणजे विमानाच्या स्वभावात फार फरक पडणार नाही. मोटर आणि कंट्रोलर यांची मिळून कार्यक्षमता ८७ टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे ३४५० वॅट निघायला हवेत. बारा सेलच्या लायपोवर, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीवर, भाराखाली ४३ व्होल्ट धरून, हा प्रवाह होतो ८० अँपिअर. मोटर १६० केव्हीच्या आसपासची. हे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर बिनभाराची मोटर दर व्होल्टमागे मिनिटाला घेते त्या फेऱ्या.

बाराच सेल का? विद्युत दाब (व्होल्ट) वाढवला की प्रवाह कमी होतो, तारा आणि कंट्रोलर कमी तापतात. सहा सेलवर हीच शक्ती घ्यायची तर १६० अँपिअर वाहतील. आणखी वर, चौदा सेलला, जाता येतं, पण तिथं कंट्रोलरची निवड मोजकी राहते. बारा सेल म्हणजे सहा-सहाच्या दोन पॅकची जोडी, आणि सहा सेलचे पॅक सगळीकडे मिळतात. हा युक्तिवाद तांत्रिक कमी आणि व्यवहारी जास्त आहे, तरी मला तो पटतो. कसरतींच्या स्पर्धेच्या एफ३ए वर्गातली विमानं दोन मीटरच्या चौकटीत बसवलेली असतात आणि नियमाने विद्युत दाब ४२.५६ व्होल्टच्या आत ठेवावा लागतो, म्हणून तिथे दहा सेल रुळले. इथे तशी अट नव्हती.

वजन

पेट्रोलच्या बाजूला इंजिन, मफलर, इग्निशन, त्याची बॅटरी, टाकी आणि नळ्या मिळून १.८ किलो. अर्धा लिटर इंधन भरलं की आणखी ३७० ग्रॅम. विजेच्या बाजूला मोटर ७५० ग्रॅम, तिचा माउंट १५०, कंट्रोलर १८०, तारा आणि जोड ८०, आणि ५००० एमएएच (५ अँपिअर-तास) क्षमतेचे सहा सेलचे दोन पॅक १५५० ग्रॅम. बेरीज २.७ किलो. उड्डाणाचं वजन ७.८ वरून ८.३ वर गेलं.

अर्धा किलो ऐकायला फार वाटत नाही. पण पेट्रोलचं विमान उतरताना हलकं झालेलं असतं, विजेचं होत नाही. उतरतानाचे आकडे घेतले तर पंखांवरचा भार प्रति चौरस डेसिमीटर ८७ ग्रॅमवरून ९५ वर जातो आणि थिजण्याचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, साडेचार टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्षात मात्र उतरणं अवघड झालं नाही, उलट सोपं झालं. पेट्रोल इंजिन बंद पडू नये म्हणून १७००-१८०० फेऱ्यांवर चालतं ठेवावं लागतं आणि त्या जोरावर विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. मोटरला ती सक्ती नाही. प्रोपेलर अगदी सावकाश फिरता ठेवला की एवढी मोठी तबकडी ब्रेकचं काम करते. खाली सूर मारताना वेग आवाक्यात राहतो तो याच कारणाने. शिवाय इंधन घटत नसल्याने गुरुत्वमध्य पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत जागचा हलत नाही. कसरती करणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

नाकातलं वजन मात्र कमी झालं होतं. सव्वा किलोच्या इंजिनाच्या जागी पाऊण किलोची मोटर आली, म्हणून दोन्ही पॅक टाकीच्या जागेहूनही पुढे, इंजिनपेटीत घुसवावे लागले. तिथे प्लायचा ट्रे बसवला, वर दोन पट्टे आणि खाली न सरकणारा कागद. पॅक बदलायला फक्त कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं झाकण, उघडावी लागते. ज्या सांगाड्यात त्यासाठी पंख काढावे लागतात, त्यात वीज घालायच्या भानगडीत पडू नये.

पैसे

किमती जागोजागी आणि काळाप्रमाणे बदलतात, म्हणून चलन बाजूला ठेवतो. पेट्रोलचा पूर्ण संच, म्हणजे इंजिन, इग्निशन, बॅटरी, टाकी आणि प्रोपेलर, यांची किंमत १०० धरा. या प्रकरणातली बाकीची खरेदी त्याच पट्टीवर अशी पडली : मोटर ५५, कंट्रोलर ४०, माउंट, प्रोपेलर आणि जोड मिळून १०. म्हणजे १०५. मोटर महाग असते ही समजूत इथंच निकालात निघते. इंजिन काढून मोटर बसवण्यात पैशाचा फरक जवळपास नाही.

पुढे आले पॅक. बारा सेलची एक जोडी ४५. अशा तीन जोड्या, १३५. दोन्ही पॅक एकदम आणि लवकर चार्ज करणारा चार्जर त्याच्या पॉवर सप्लायसह ५५. मैदानावर वीज नव्हती, त्या सोयीसाठी आणखी ५०. गोळाबेरीज ३४५. साडेतीनपट.

इथं नेहमी एक बचाव पुढे येतो : सुरुवातीला जास्त खर्च, पण पेट्रोल वाचतं, चार वर्षांत वसूल. हा बचाव तपासून पाहू.

एका उड्डाणात बॅटरीतून किती निघतं? ५००० एमएएचपैकी ८० टक्केच वापरायचे, कारण लायपो तळाशी नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ४४.४ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे १७८ वॅट-तास. चार्जरमधला तोटा धरून परत भरायला २१० वॅट-तास लागतात. म्हणजे एक युनिट वीज पाच उड्डाणांना जवळजवळ पुरते. आमच्या पट्टीवर हा खर्च उड्डाणामागे ०.०१ इतकाही भरत नाही. पेट्रोल आणि त्यातलं तेल, उड्डाणामागे ३०० मिलिलिटर, सुमारे ०.०९. इथवर बचाव बरोबर आहे.

पण पॅक झिजतो. अशा ओढीच्या कामात एक जोडी चांगल्या अवस्थेत १५० उड्डाणं देईल असं धरलं, आणि हा अंदाज कंजूस नाही. मग ४५ भागिले १५०, उड्डाणामागे ०.३०. हे या विमानाचं खरं इंधन. ते पेट्रोलच्या तिपटीहून महाग आहे आणि आगाऊ विकत घ्यावं लागतं. मिनिटाचा भाव काढला तर अंतर आणखी वाढतं, कारण पेट्रोलवर हे विमान अकरा मिनिटं उडत होतं आणि विजेवर सात. मिनिटामागे ०.००८ विरुद्ध ०.०४३, म्हणजे पाचपट.

पाचशे उड्डाणांनंतर पेट्रोलचा एकूण खर्च १५० च्या आत राहतो, विजेचा चारशेच्या आसपास जातो. या दोन रेषा कुठेच एकमेकींना छेदत नाहीत. वसुलीचा मुद्दा तिथं संपतो.

यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग कॅलेंडरचा. लायपो वापरली नाही तरी म्हातारी होते. साधारण तीन वर्षांत तिचा अंतर्गत रोध इतका वाढतो की जड कामाला ती निरुपयोगी ठरते. आमचे गृहस्थ नियमाने उडवणारे, वर्षाला १८० च्या आसपास उड्डाणं, म्हणजे जोडीमागे ६०. अडीच वर्षांत दीडशे पूर्ण होतात आणि पॅकचं आयुष्यही तेव्हाच संपत येतं. दोन्ही गोष्टी जुळल्या. पण कोणी याच्या निम्मंच उडत असेल, तर तीन वर्षांत जोडीची ९० उड्डाणं होतील आणि पॅक टाकायची वेळ येईल. उड्डाणामागचा खर्च ०.३० वरून ०.५० वर जातो. पेट्रोलच्या कार्ब्युरेटरमधला पडदाही पडून राहिल्याने कडक होतो, हे खरं, पण तो पडदा बदलण्याचा खर्च इथे उल्लेख करण्याइतकाही नाही. सवडीने, कधीमधी उडवणाऱ्याने विजेचा मोठा संच घ्यावा असा सल्ला मी कोणालाच देणार नाही. तीनऐवजी दोनच जोड्या घेणं हा त्यावरचा अर्धा उपाय.

रोध वाढणं म्हणजे काय तेही आकड्यात पाहू. नव्या पॅकमध्ये प्रत्येक सेलचा रोध २.५ मिलिओहम असेल तर ८० अँपिअरवर बारा सेलमध्ये २.४ व्होल्ट गळतात. तोच रोध ६ मिलिओहम झाला की गळती पाच व्होल्टच्या पुढे जाते. दाब सहा-सात टक्क्यांनी उतरला की फेऱ्या तेवढ्याच उतरतात, आणि शक्ती फेऱ्यांच्या घनात असल्याने ती एक षष्ठांशाहून जास्त घटते. उभ्या चढाईत हे लगेच जाणवतं. मधल्या थ्रॉटलला मात्र काहीच कळत नाही. 'पॅक अजून चांगला आहे' आणि 'पॅक गेला' हे दोघे जण एकाच पॅकबद्दल म्हणू शकतात, त्याचं कारण हे.

मैदानावरची वीज

दिवसाला सहा उड्डाणं हवी होती. तीन जोड्या घरून भरून आणायच्या आणि मैदानावर तिन्ही एकदा भरायच्या. म्हणजे ६३० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी कागदावर १२०० वॅट-तासांची, पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. उरले ६००. थोडक्यात हुकतं, आणि वर पंचवीस-तीस किलोचं धूड उचलायचं. गाडीच्या बॅटरीवर हा प्रयोग करून संध्याकाळी गाडी ढकलणाऱ्यांची कमतरता नाही.

जनरेटर हा सोपा पर्याय. एक किलोवॅटचा छोटा जनरेटर पुरून उरतो. पण आवाजाच्या तक्रारीमुळे पेट्रोल इंजिन काढायचं, आणि मग त्याच मैदानावर दिवसभर पेट्रोल इंजिन चालवून विमान उडवायचं, यातला विनोद क्लबमधल्या सगळ्यांनी त्यांना आळीपाळीने ऐकवला. शेवटी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी घेतली, २५.६ व्होल्टची, ५० अँपिअर-तासाची. १२८० वॅट-तासांपैकी ८० टक्के वापरले तर जवळजवळ पाच जोड्या भरतात.

१२ ऐवजी २४ व्होल्टचा वर्ग मुद्दाम घेतला. बरेचसे चार्जर छापील शक्ती २४ व्होल्टवरच देतात. १२ वर जोडले की निम्म्यावर येतात आणि लोक चार्जरला दोष देतात. शिवाय ५०० वॅट भरायला १२ व्होल्टवर जवळपास ४६ अँपिअर ओढावे लागतात, २४ वर २३. तारा आणि चिमटे तापत नाहीत.

५०० वॅट म्हणजे या जोडीसाठी साधारण दुप्पट दराने चार्जिंग, अर्ध्या तासाहून किंचित जास्त. तीन जोड्यांच्या फिरतीत उड्डाणांमधलं अंतर त्याहून कमी पडत नाही, त्यामुळे वाट पाहणं असं झालंच नाही. दोन जोड्यांवर झालं असतं. मात्र उतरल्या उतरल्या पॅक चार्जरला लावायचा नाही. तो कोमट होईपर्यंत थांबायचं. साठ अंशांच्या पुढे पॅक गेला की नुकसान कायमचं.

घरी परतल्यावरचं काम पेट्रोलवाल्यांना माहीत नसतं. न वापरलेला भरलेला पॅक तसाच ठेवायचा नाही, प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवायचा. पावसाने बेत फिसकटला की तीन भरलेल्या जोड्यांतल्या साडेसहाशे वॅट-तासांपैकी निम्म्याच्या आसपास कुठे तरी रिचवायचे असतात. याचा कंटाळा करणाऱ्याचे पॅक दीडशे उड्डाणं बघत नाहीत. प्रवासाचंही एक सांगतो. सहा सेलचा ५००० एमएएचचा पॅक १११ वॅट-तासांचा होतो. विमानप्रवासात १०० ते १६० वॅट-तासांच्या सुट्या बॅटरीसाठी कंपनीची परवानगी लागते, माणशी दोनच नेता येतात आणि त्याही हातातल्या सामानात. दूरच्या मेळाव्याला जायचं तर एका जोडीवर भागवा.

काउल, ठिणगी आणि बोटं

पहिल्या काही उड्डाणांत कंट्रोलर ८५ अंशांपर्यंत तापत होता. प्रवाह ठीक होता, प्रोपेलरही जास्त मोठा नव्हता. दोष काउलचा, म्हणजे नाकावरच्या आवरणाचा, निघाला. पुढचं तोंड मोठं उघडं, पण हवा बाहेर पडायची वाट म्हणजे पूर्वीच्या मफलरचं एक भोक. आत शिरलेली हवा तापून फुगते, म्हणून बाहेरची वाट आतल्या वाटेच्या दुप्पट तरी हवी. मागची खालची बाजू कापून वाट मोठी केली, पुढच्या तोंडातला अनावश्यक भाग बंद केला आणि हवा मोटर व कंट्रोलरवरूनच जाईल असा बाल्साचा आडोसा लावला. तापमान साठच्या आसपास स्थिरावलं. मोटरचीही तीच काळजी. साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमची ताकद गमावू लागतात, वरच्या दर्जाचे १५० पर्यंत तग धरतात. स्वस्त मोटर आणि महाग मोटर यांतला फरक पुष्कळदा इथे असतो, बाहेरून दिसत नाही.

बारा सेल जोडताना कंट्रोलरमधले कपॅसिटर क्षणात भरतात आणि जोडावर सणसणीत ठिणगी पडते. दरवेळी जोडावरचा सोन्याचा मुलामा थोडा उडतो, काही दिवसांत जोड काळा पडतो आणि तापू लागतो. आधी रोधातून जोडणारा, ठिणगी न पडू देणारा जोड पहिल्याच दिवशी घ्यावा. तो चैनीचा भाग नाही. सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रिसीव्हरला वेगळी बॅटरी ठेवली, पेट्रोलच्या वेळी होती तशीच.

बोटांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. विजेचं विमान सुरक्षित वाटतं, कारण ते गप्प उभं असतं. पेट्रोल इंजिन हाताने फिरवून चालू करावं लागतं, त्यामुळे सगळे आपसूक सावध असतात, आणि प्रोपेलरला अडथळा आला तर इंजिन बऱ्याचदा बंद पडतं. मोटर अडथळा आला तर अधिक प्रवाह ओढून फिरायचा प्रयत्न करते. २४ इंची प्रोपेलरमागे जवळपास पाच न्यूटन-मीटरचा पीळ असतो. म्हणून या विमानात कॅनॉपीच्या बाहेर, प्रोपेलरपासून लांब, एक वेगळा आर्मिंग प्लग, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा खटका, बसवला. पॅक आत जोडले तरी तो प्लग धावपट्टीवरच लागतो, आणि उतरल्यावर पहिलं काम तो काढणं. ट्रान्समीटरचा संपर्क तुटला तर थ्रॉटल शून्यावर जातो ना, हे प्रोपेलर काढून तपासलं. या दोन गोष्टी ज्या मोठ्या विमानात नाहीत, त्याच्या जवळ मी उभा राहत नाही.

आवाजाचं काय झालं

मुळात सगळा खटाटोप ज्यासाठी, ते साधलं. विमान मर्यादेच्या बऱ्याच आत आलं. पण विजेचं विमान मुकं असतं हा समज चुकीचा. मोठ्या विमानाच्या आवाजातला मोठा वाटा प्रोपेलरच्या टोकांचा असतो. २२ इंची प्रोपेलर ७००० फेऱ्यांवर फिरताना टोकाचा वेग सेकंदाला २०५ मीटर होता. २४ इंची ५९०० वर फिरवला की १८८. एक्झॉस्ट गेला आणि टोकंही मंदावली, म्हणून फरक पडला. त्याच मोटरवर लहान प्रोपेलर जोरात फिरवला असता तर नुसती वीज घालून निम्मंच काम झालं असतं. दोन इंच व्यास वाढल्याने जमिनीपासूनचं अंतर इंचाने कमी झालं, गवत वाढलेलं असलं की ते जाणवतं. तेवढ्यासाठी थोडी मोठी चाकं लावली.

न मागता मिळालेलं म्हणजे कंप गेला. एक सिलिंडरचं इंजिन स्क्रू सैल करतं, सर्व्होचे दाते झिजवतं, सांध्यांत बारीक भेगा पाडतं. पुढच्या हंगामात या विमानाची देखभाल नावापुरती उरली. याची किंमत मी हिशेबात धरलेली नाही, कारण ती प्रामाणिकपणे मोजता येईना.

पुढचं विमान

दोन हंगामांनी त्याच गृहस्थांनी २.७ मीटरचं कसरती विमान घेतलं, १२० सीसीच्या वर्गातलं. पुन्हा कागद-पेन्सिल काढली. २८×१० चा प्रोपेलर ६३०० फेऱ्यांवर म्हणजे सुमारे ६.८ किलोवॅट, बॅटरीतून पावणेआठ. बारा सेलवर १८० अँपिअरच्या वर, चौदा सेलवर १६० च्या आसपास. सात मिनिटांसाठी पॅकची क्षमता दुप्पट हवी, म्हणजे जोडीमागे ४५ ऐवजी ९०, वजन तीन किलोच्या पुढे. तीन जोड्यांचे २७०. चार्जरची शक्ती दुप्पट, मैदानावरची बॅटरीही दुप्पट. आणि १२० सीसीचं इंजिन मात्र जुन्या संचाच्या दीडपट ते पावणेदोनपट किमतीलाच येतं. दोन सिलिंडर समोरासमोर असल्याने त्याचा कंपही सौम्य. विजेचा खर्च शक्तीबरोबर वाढतो, इंजिनाचा तेवढा वाढत नाही. या सांगाड्याच्या पोटात कॅनिस्टरची जागा होती, त्यामुळे आवाजाची अटही पेट्रोलवर पुरी होत होती. त्यांनी इंजिन बसवलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

यावरून मोठं विमान म्हणजे वीज नकोच, असा निष्कर्ष कोणी काढेल. तो चूक. त्यांच्याकडेच पायपर कबची एक चतुर्थांश प्रतिकृती आहे. मूळ कबचा पंखविस्तार १०.७४ मीटर, म्हणजे ही २.६९ मीटरची. आकाराने ती या नव्या कसरती विमानाएवढीच. पण ती उडते ११०० वॅटवर, आणि निवांत फेऱ्या मारताना ४०० पुरतात. कसरती विमानाला किलोमागे चारशेहून जास्त वॅट लागत होते, कबला दीडशेही लागत नाहीत. विजेचा हिशेब पंखविस्तारावर ठरत नाही, किलोमागच्या वॅटवर ठरतो. म्हणूनच त्या व्याख्येत शक्तीचा उल्लेख नसण्याला मी सुरुवातीला महत्त्व दिलं.

कबची मोटर त्यांनी मुद्दाम बारा सेलची घेतली. कारण सरळ होतं : कसरतीतून बाद झालेल्या जोड्या तिथं चालतात. पूर्ण थ्रॉटललाही कब २५ अँपिअरच ओढते. ६ मिलिओहमच्या म्हाताऱ्या सेलमध्येही तेवढ्यावर पावणेदोन-दोन व्होल्टच गळतात आणि कबला त्याचा पत्ताही लागत नाही. क्षमता पाचव्या हिश्श्याने घटली आहे असं धरलं तरी वीस मिनिटं सहज मिळतात. मात्र प्रत्येक पॅक आधी तपासायचा. फुगलेला किंवा एखादा सेल मागे पडत असलेला सरळ बाद. उरलेली जोडी अशी आणखी शंभर उड्डाणं चालली, तर तिचे ४५ एकूण तीन हजारांहून थोड्या जास्त मिनिटांवर पसरतात. मिनिटामागे ०.०४३ चा भाव ०.०१५ वर येतो. पेट्रोलपेक्षा अजूनही महाग, पण पाचपटीचं अंतर दुपटीच्या जवळ आलेलं.